श्रुतिकाची अकरा नावांची यादी

मित्रांनो, मी अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओतली हार्ड डिस्क. आता जुनी झाले. आम्ही तिघी होतो, दोघी अंधेरीत आणि एक मुलुंडच्या शाखेत. स्टुडिओतला प्रत्येक आवाज तिघींकडे जपला जाई. एक बिघडली तरी दुसऱ्या दोघी आहेतच, म्हणून मालक विद्याधर निर्धास्त असत. पाहुण्यांना ते आम्हाला कौतुकाने दाखवत.

विमलाताई तिथे वीस वर्षे कार्टूनमधल्या आज्यांचे आणि चेटकिणींचे आवाज काढत. घशाच्या कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र काढायचे ठरले. लेक रुचिरा तेव्हा गरोदर होती. होणाऱ्या नातवंडासाठी ताईंनी गोष्टी आणि अंगाया रेकॉर्ड केल्या. जतन होताना वीज क्षणभर गेली. पडद्यावर मात्र ‘जतन झाले’ असे आले. ताई हसल्या. आम्हा तिघींकडे फाईलचे नाव आणि लांबी पोहोचली होती, आवाज नव्हता. मला कळले होते. सांगणार कशी?

त्याच महिन्यात श्रुतिका नावाची इंजिनिअर आमचा भरवसा मोजायला आली. रोजच्या कामात लोक उघडतात तशा तिने दोन हजार फाइली उघडून ऐकल्या. अकरा मुक्या निघाल्या. त्यांची यादी तिने मालकांपुढे ठेवली.

“म्हणजे बाकी सगळं झकास ना?”

“सर, ही नावं वाचा तरी. विमलाताईंची फाईल आहे यात. आत्ता परत रेकॉर्ड करता येईल.”

“आणि बाहेर बोंब होऊ दे, आमची सिस्टिम फुटकी म्हणून? यादी काढून टाक. नुसते टक्के लिही.”

श्रुतिका नाही म्हणाली. त्याच दुपारी तिचे काम काढून घेतले. यादी फाडली गेली. ताईंच्या ऑपरेशनला तेव्हा आठ दिवस होते.

नातवंडाच्या बारशाच्या आदल्या दिवशी ताई रुचिराला घेऊन आल्या. गळ्याभोवती रुमाल होता. त्यांनी हेडफोन लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग वहीत लिहिले, ‘आवाज वाढवा.’

विद्याधरांनी वाढवला.

ताईंनी पुन्हा लिहिले, ‘अजून.’

“हेडफोन जुना झालाय, ताई,” ते म्हणाले. रुचिराने लगेच दुसरा आणला. ताईंनी तोही लावला आणि फाईल संपेपर्यंत काढला नाही.

पुढच्या आठवड्यात दारावर नवी पाटी लागली: ‘आमच्याकडे तुमचा आवाज ९९.४५ टक्के सुरक्षित.’

मित्रांनो, तो आकडा खरा आहे. म्हणूनच सांगते, कोणी असा आकडा दाखवला, तर उरलेल्यांची नावे मागून घ्या.