लव्हेंडरची डबी

मी क्रीमची डबी बोलतेय. काचेची, चपटी, पांढऱ्या झाकणाची. माझ्यातलं क्रीम घरच्या स्वयंपाकघरात, दूध तापवायच्या पातेल्यात तयार झालं. ते करणारी होती घरातली धाकटी. तिने मेण वितळवलं, तेल घातलं, शेवटी लव्हेंडरचा अर्क टाकला. वास मनासारखा येईना, म्हणून आणखी टाकला. माझ्या पोटावर चिठ्ठी लावली: 'नैसर्गिक. नाजूक त्वचेसाठी.' नैसर्गिक होतं हे खरं. नाजूक त्वचेला कुणी विचारलं नव्हतं.

बाकीच्या डब्या तिने घरोघरी वाटल्या; मी मिळाले तिच्या ताईला. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिची कातडी लहानपणापासून हळवी. नवा कपडा अंगाला लागला तरी लाल व्हायची.

"तुझ्यासाठीच केलंय गं," धाकटी म्हणाली.

आठवडा उलटायच्या आत ताईच्या मानेला खाज सुटली, पापण्या सुजल्या. तिने दोष धुळीला दिला, मग साबणाला, मग उशीच्या अभ्र्याला. माझा वास इतका चांगला, की माझ्यावर संशयच येईना. आला तेव्हा तिने मला कपाटात मागे सरकवलं आणि गळ्याला स्कार्फ गुंडाळला. धाकटीने विचारलं की म्हणायची, "छान आहे."

चारच दिवसांनी शेजारीण तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळाचे गाल कोरडे पडले होते. धाकटी लगबगीने नवी डबी आणायला उठली.

"थांब," ताई म्हणाली. तिने स्कार्फ सोडला. मान लालभडक, खाजवून सोललेली. "हे तुझ्या क्रीमने झालंय. बाळाला नको देऊस."

धाकटी बघतच राहिली. "आणि मला छान आहे म्हणत होतीस?"

"तू किती खूश होतीस."

"अगं, मी बाळाला लावलं असतं ना."

शेजारीण बाळाला पदराआड घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "वास फुलातला असो नाहीतर कारखान्यातला," त्या म्हणाल्या, "अशा कातडीला दोन्ही सारखेच. बंद करा."

धाकटीने घरोघरी जाऊन दिलेल्या डब्या परत आणल्या. आता ती बिनवासाचं क्रीम करते. त्याला मेणाचा वास येतो आणि ते फारसं कुणी मागत नाही. ताईची मान बरी झाली. मी मोरीच्या खिडकीत असते. दाराची बिजागरी करकरली की माझ्यातलं बोटभर क्रीम तिला लावतात.

माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी आली, तर नुसत्या वासाला भुलू नका. आधी कोपराच्या खळीत थोडं लावा, काही दिवस वाट बघा. आणि खाज सुटली, तर जिने दिलं तिला सांगा. डबीला वाईट वाटत नाही.