उलटा करंट

“आधी ती केबल काढ,” लोवेल म्हणाला.

कॉर्बी ट्रकच्या मागच्या हौद्यात गुडघ्यांवर बसला होता. त्याने मान वर केली आणि हसला. “या, मिस्टर लोवेल. कॉफी घेणार? आज सगळ्या खोऱ्यात गरम कॉफी फक्त आमच्याकडे आहे.”

“कॉफी नंतर. केबल काढ.”

दोन दिवस पाऊस पडता पडताच गोठत होता. फांद्या बर्फाच्या ओझ्याने मोडून तारांवर पडल्या होत्या आणि स्टिलहाउस खोऱ्यातली तिन्ही घरं परवापासून अंधारात होती. लोवेल टॅकेट आणि त्याची बायको वर्ना कोळशाच्या शेगडीपुढे बसून दिवस काढत होती. सकाळी न्याहारी करताना वर्ना खिडकीबाहेर बघून म्हणाली होती, “इमोजीनच्या स्वयंपाकघरात दिवा लागलाय बघ.” लोवेलने काटा खाली ठेवला आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधायला घेतले.

“अंडी तरी संपव.”

“आलोच.”

“एकाहत्तराव्या वर्षी बर्फात पडलास तर उचलायला मी येणार नाही.”

दोनशे पावलांना पाव तास लागला. कॉर्बी हेन्सलीचा नवा हायब्रीड ट्रक घराला लागून उभा होता. त्याचं इंजिन मध्येच सुरू व्हायचं, थोडा वेळ चालायचं, मग आपणहून बंद पडायचं आणि नुसत्या बॅटरीवर काम चालू राहायचं. रोज नव्वद मैल जायचं-यायचं म्हणून कॉर्बीने तो घेतला होता. हौद्यात जनरेटरसारखी सॉकेटं होती. त्यातल्या मोठ्या सॉकेटातून एक जाड काळी केबल निघाली होती आणि खिडकीतून आत, कपडे वाळवायच्या मशीनच्या सॉकेटात गेली होती. केबल घरीच बनवलेली होती. दोन्ही टोकांना पिना होत्या. आत सगळ्या खोल्यांत दिवे होते.

“मेन स्विच पाडलाय मी,” कॉर्बी म्हणाला. “वर चिकटपट्टी लावलीय. त्यावर लिहिलंय, हात लावू नका.”

“घरात तुम्ही दोघंच. लिहिलंय कुणासाठी?”

“तेच तर म्हणतोय मी. मम्मी खुर्चीतून उठत नाही आणि मी काही खुळा नाही. मग अडचण काय आहे?”

“मेन वर गेला की तुझ्या ट्रकचा करंट उलटा जाणार. घरातून खांबावर, ट्रान्सफॉर्मरमधून वरच्या तारेत. इथून दोनशे चाळीस व्होल्ट जातात आणि वर पोचेपर्यंत सात हजार होतात. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं, तार मेलेली आहे.”

कॉर्बीचं हसू गेलं. “मग मम्मीच्या ऑक्सिजनच्या मशीनचं काय? सिलिंडर एकच उरलाय, तोही दुपारपर्यंत पुरला तर. दवाखान्याची गाडी पुलापलीकडे अडकलीय. मी केबल काढणार नाही, मिस्टर लोवेल. तुम्हाला राग आला तरी चालेल.”

“मशीन चालू राहील. हौद्यात साध्या पिनांची सॉकेटं किती आहेत?”

“चार.”

“पुरे आहेत. तिथून सरळ वायरी आत घेऊ. घराच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. ट्रक घेतलास तेव्हाच चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायला हवा होतास, म्हणजे घर बाहेरच्या लाइनपासून तुटतं.”

“बसवणारा मार्चमध्ये येतो म्हणालाय. बर्फाला तारीख कळवायची राहून गेली.”

लोवेल हसला नाही, पण हौद्यावर चढायला त्याने कॉर्बीचा हात धरला. कॉर्बीला ते विचित्र वाटलं. त्याला कळायला लागल्यापासून हा माणूस त्यांच्या अंगणात आला नव्हता. कॉर्बीचे वडील हार्लन रस्त्यात भेटले तर लोवेल मान हलवायचा आणि पुढे जायचा. हार्लन गेल्याला चार वर्षं झाली. मयताला वर्ना एकटीच आली होती.

लोवेलने चौतीस वर्षं लाइनमन म्हणून काम केलं. सुरुवातीची अकरा वर्षं त्याचा जोडीदार एस्टिल होता. एस्टिल खांबावर गायचा, तेही सगळं चुकीच्या सुरात. एकतीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत असाच बर्फ पडला होता. एकोणीस तास काम झाल्यावर दोघं या खोऱ्याच्या तोंडाशी शेवटच्या तुटलेल्या तारेवर आले. मागची लाइन बंद होती, त्यांनी स्वतःच बंद केली होती. नियमाप्रमाणे काम सुरू करण्याआधी, चुकून आलेला करंट जमिनीत जावा म्हणून, तारेला अर्थिंगच्या साखळ्या लावायच्या होत्या आणि ती पाळी लोवेलची होती. साखळ्या गाडीत बर्फाखाली गोठल्या होत्या. “राहू दे रे,” एस्टिल म्हणाला, “हे एकच टोक आहे.” लोवेलने राहू दिलं. एस्टिल वर गेला, तार हातात घेतली आणि तिथेच गेला.

चौकशी झाली. खोऱ्यातल्या तिन्ही घरांत जनरेटर होते. आपला घराला जोडलेला नव्हता, असं तिघांनीही सांगितलं. लोवेलच्या घरचा तर खोक्यातच होता. साखळ्यांबद्दल विचारलं तेव्हा लोवेल म्हणाला, “लावत होतो.” चौकशी तिथेच मिटली. पण दुसऱ्या दिवशी हार्लनच्या आवारातल्या कचरा जाळायच्या पिंपात त्याने एक केबल पाहिली होती. तिचे दोन तुकडे केलेले होते आणि दोन्ही तुकड्यांना पिना होत्या. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. हार्लनची खाणीतली नोकरी नुकतीच गेली होती, घरात दोन महिन्यांचं मूल होतं. शिवाय हार्लनचं नाव घेतलं असतं तर साखळ्यांचा विषय पुन्हा निघाला असता. एस्टिलची बायको उन्हाळ्यात मुलींना घेऊन ओहायोला निघून गेली. लोवेल हार्लनशी पुन्हा कधीच बोलला नाही.

काम तासभर चाललं. आधी कॉर्बीच्या आईला, इमोजीनला, सिलिंडरवर घेतलं, मग कॉर्बीने स्वतःच्या हाताने काळी केबल उपटली. दिवे गेले. खिडकी बंद करता यावी म्हणून लोवेलने वायरी घराच्या लाकडी तळाखालच्या मोकळ्या जागेतून घ्यायचं ठरवलं. पाठीवर पडून, चिखल आणि बर्फ यांतून सरकत त्याने वायरी तळाच्या फळ्यांतल्या भोकापर्यंत पोचवल्या. वर कॉर्बीने ओढून घेतल्या. एक वायर मशीनला, एक फ्रिजला, एक छोट्या हीटरला, एक टेबलावरच्या दिव्याला.

“इंजिनाचा धूर घराकडे येतोय,” बाहेर आल्यावर लोवेल म्हणाला. “वायरी ओढल्या जाणार नाहीत असं बघून ट्रक फिरवून लाव. तोंड घराकडे, धुराडं रस्त्याकडे.”

कॉर्बी ट्रक फिरवायला गेला.

आत इमोजीन आरामखुर्चीत बसली होती. अंगावर दोन गोधड्या, नाकात नळी. मशीन पुन्हा सुरू झालं होतं आणि त्याची धाप घरभर ऐकू येत होती. ती शाळेत लोवेलच्या दोन वर्षं मागे होती. तिच्या घरात तो एकतीस वर्षांनी आला होता.

“बस,” ती म्हणाली. “ओला झालायस तू.”

“उभाच बरा आहे. खुर्ची खराब होईल.”

“केबलवरून त्याला बोललास?”

“समजावलं.”

“त्याला माहीत नाही. आम्ही कधी सांगितलंच नाही.” तिने थांबून दोन श्वास घेतले. “सकाळी मी त्याला म्हटलं, हे असं करू नकोस. तो म्हणाला, मेन पाडलाय मम्मी. त्याच्या बापानेही पाडला होता.”

बाहीवरचा चिखल पुसणारा लोवेलचा हात थांबला.

“हार्लनने नीट पाडला होता, लोवेल. वर मी केला.”

मशीन धापा टाकत राहिलं.

“तो लाकडं आणायला गेला होता. पोर रडत होतं. मला खिडकीतून तुमच्या गाडीचा पिवळा दिवा दिसला. मला वाटलं, आली वाटतं वीज, बघावं. मेन वर केला. दिवे एकदम मंद झाले, जनरेटर गुरगुरला आणि बंद पडला. मी लगेच खाली केला. अगदी लगेच. मग रस्त्यावर तू ओरडलेलं ऐकू आलं.”

“हार्लन...”

“तो आला. त्याने मेनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. केबल घेऊन बाहेर गेला. परत आल्यावर म्हणाला, कुणी विचारलं तर मी केलं म्हणून सांगायचं. कुणी विचारलंच नाही. तूही नाही.”

“पिंपात केबल दिसली होती मला.”

“ते त्याला ठाऊक होतं. तुला पिंपापाशी उभं असलेलं त्याने बघितलं होतं. मी कितीदा म्हटलं, जाऊन सांगते लोवेलला. तो म्हणायचा, एकावर राग धरलाय त्याने, तो तसाच राहू दे. बाईमाणसाला गावात राहायचं असतं.” ती खोकली. खोकला थांबायला वेळ लागला. “नाताळात मी सुक्या सफरचंदांचा केक पाठवायचे. तो म्हणायचा, नको पाठवूस, आपल्या घरचा त्याच्या घशाखाली कसा उतरेल?”

“वर्ना ठेवून द्यायची,” लोवेल म्हणाला. “मी खायचो.”

त्याने वाकून मशीनची पिन नीट बसली आहे का ते पाहिलं. ती नीटच बसली होती. वाकलेलाच असताना तो म्हणाला, “अर्थिंगच्या साखळ्या मी लावल्या नव्हत्या, इमोजीन. लावल्या असत्या तर तू दहा वेळा मेन वर केला असतास तरी त्याला काही झालं नसतं.”

इमोजीनने त्याच्याकडे पाहिलं. “खरंच?”

“खरंच.”

“हे हार्लनला माहीत होतं?”

“नाही. वर्नालासुद्धा नाही.”

तिने गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, “तू मयताला आला असतास तर बरं झालं असतं.”

“हो.”

दार उघडून कॉर्बी आत आला, बुटांचा बर्फ झटकत. “कामाच्या गाड्या आल्यात. गाड्यांवर अलाबामाच्या नंबरपाट्या आहेत. तिथे जन्मात बर्फ बघितला नसेल, बिचाऱ्यांच्या दाढ्या गोठल्यात.” मग त्याने दोघांकडे पाहिलं. “काय झालं?”

“काही नाही,” इमोजीन म्हणाली. “लोवेल कुडकुडतोय. दारामागे तुझ्या बापाचा कोट आहे, तो दे त्याला.”

“नको,” लोवेल म्हणाला. “मी घरीच चाललोय.”

“तू घरी चाललेला नाहीस. रस्त्यावर चाललायस त्यांच्याकडे. मला काय कळत नाही? घाल.”

कॉर्बीने कोट पुढे धरला. तपकिरी, जाड कापडाचा, कोपरांवर ठिगळं लावलेला. हार्लन खांद्यांनी रुंद होता, लोवेलला तो सैल झाला. त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली आणि बाहेर पडला.

रस्त्यावर माणसाला तारेपर्यंत उचलून नेणारी पाळण्याची गाडी उभी होती. फोरमन तिशीचा होता आणि थंडीने त्याला धड बोलताही येत नव्हतं.

“आजोबा, लांब राहा. फांद्या पडतायत.”

“मी या लाइनवर चौतीस वर्षं काम केलंय,” लोवेल म्हणाला. “वर तीन घरं आहेत. एक माझं. वरच्या घरातली माणसं मुलीकडे गेलीत, त्यांचा मेन मी काल पाडला. मधल्या घरी ट्रकवर मशीन चालू आहे, पण वायरी सुट्या आहेत. घराला काही जोडलेलं नाही. मी स्वतः बघितलंय.”

“बरं झालं सांगितलंत. पण आम्ही साखळ्या लावूनच चढणार. वाईट वाटून घेऊ नका.”

“लावाच,” लोवेल म्हणाला. “माझ्या सांगण्यावर जाऊ नका. दोन्ही बाजूंना लावा.”

त्यांनी लांब काठीने साखळ्या अडकवल्या, एक खांबाच्या अलीकडे, एक पलीकडे. लोवेलने दोन्ही चाप तारेवर घट्ट बसलेले पाहिले. मग पाळणा वर जाऊ लागला. त्यात पोरसवदा दिसणारा एक माणूस होता, हातांत रबराचे लांब मोजे घातलेला. फोरमनने गरम थर्मास पुढे केला, तो लोवेलला दिसलाच नाही.

घरात इमोजीनने कॉर्बीला खुर्ची खिडकीशी ओढायला लावली. नाकातली नळी पुरेना, म्हणून त्याने मशीनही सरकवलं. तिने बाहीने काच पुसली.

“एवढं काय बघायचंय, मम्मी? तार जोडतायत नुसती.”

“तू जा. कॉफी कर.”

वरचा माणूस तिला दिसत नव्हता, त्याला फांद्या आड येत होत्या. तिला फक्त रस्ता दिसत होता, आणि रस्त्याच्या कडेला, मान वर करून न हलता उभा असलेला हार्लनचा कोट. पाळणा खाली येईपर्यंत कोट तिथेच उभा होता, आणि तोवर इमोजीनही खिडकीपासून हलली नाही.