सापाच्या इंजेक्शनचं पान

रविवारी हिरी अंगणात नाचणी पाखडत बसली होती आणि लेकीची खोडी काढत होती.

"कुठल्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन हाय, ते तुझं पान सांगतं ना गो? मंग दाव."

रंजना मुरबाडच्या एका संस्थेत दवाखान्यांतल्या औषधसाठ्याचं पोर्टल सांभाळायची. तिने भावाच्या, शामच्या फोनवर ते उघडलं. ऑफिसचं लॉगिन मागणारी चौकट आली.

"ते फक्त आमच्या लोकांसाठी आहे, आये."

"आनि साप? तो पन तुमच्याच लोकांना चावतो का?" हिरी सूप बाजूला ठेवून खदखदून हसली. रंजनालाही हसू आलं. दुपारच्या एसटीने ती मुरबाडला परतली.

मंगळवारी भात कापताना हिरीला नाग चावला. रंजना मीटिंगमध्ये होती, फोन बंद. शामने आईला मोटरसायकलवर घेऊन शहापूरची वाट धरली, कारण पाड्यावरचं कुणीही आजारी पडलं की त्याच वाटेने जातं. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन नव्हतं. दुसऱ्यापर्यंत हिरी पोचलीच नाही. मुरबाडच्या बाजूला, तेवढ्याच अंतरावरच्या दवाखान्यात, बारा इंजेक्शनं पडून होती.

बारावं उरकून रंजना कामावर गेली. आई गेली त्या दिवसाची सर्व्हरवरची नोंद तिने काढली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी लॉगिन करू पाहिलं होतं. आयडीच्या जागी शामचा मोबाइल नंबर. तीनदा.

तिने त्या पानाचं लॉगिन काढून टाकलं आणि लिंक पाड्यापाड्यांच्या ग्रुपवर धाडली.

तासाभरात साहेब टेबलापाशी उभे. "कोणाच्या परवानगीने काढलंस?"

"कोणाच्याच नाही."

"आकडे बघून लोक डॉक्टरांच्या अंगावर जातील."

"शून्य दिसेल तिथे जातील कशाला, सर? दुसरीकडे वळतील."

"नोकरी जाईल, रंजना."

"जाऊ दे. तुम्ही पान बंद करा, मी रोज स्टँडवर फळा लावून आकडे लिहीन. तिथे कुणाचं लॉगिन लागत नाही."

साहेब जायला वळले. "वर कळवावं लागेल."

"कळवा."

संध्याकाळी ती पाड्यावर घरी गेली. शेजारची कमळाबाई भेटायला आली होती. शाम तिला तेच सांगत होता, जे तो येईल त्याला सांगायचा. "मीच चुकलू. मुरबाडला वळलू असतू तर आये वाचली असती."

आजवर अशा वेळी रंजना आत चुलीकडे निघून जायची. आज ती उंबऱ्यातच थांबली.

"तू नाही चुकलास, शाम. पान बनवलं तेव्हा साहेबांनी मला विचारलं होतं, सगळ्यांना उघडं ठेवायचं का. मी म्हटलं, नको, लॉगिन लावू. पाड्यावरच्या लोकांना काय कळतंय त्यातलं." तिचा आवाज चढला. "असं म्हटलं मी. आईसुद्धा त्यातच धरली होती मी."