नंदाच्या उखाण्याची कॅसेट

घाटकोपरच्या राजाराम जाधवांच्या घरी मुलाचं नामकरण झालं, प्रबुद्ध नाव ठेवलं, ते साल एकोणीसशे शहाण्णव. मित्रांनो, माझं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात काळी फीत आहे आणि फितीवर माणसं राहतात.

त्या दिवशी आधी बुद्धवंदना झाली, मग पाळणा, मग जेवणं. जेवणानंतर बायकांनी एकेकीला उखाण्याला धरलं. राजारामची बहीण दर्शना कोपऱ्यात होती. तिच्या शेजारी नंदा. दोघी विक्रोळीला एका खोलीत राहत. घरचे सांगत, मैत्रिणी आहेत, दोघींची लग्नं राहून गेली.

"नंदे, तुला तर नवराच नाही. नाव कुणाचं घेशील गं?" एकीने टोमणा मारला.

नंदा उभी राहिली.

"चाळीच्या दारी रांगोळीचा मोर,
दर्शनाचं नाव घेते सगळ्यांच्या समोर."

हसता हसता बायकांची पुरेवाट झाली. नंदा हसत नव्हती. दर्शनाने मान खाली घातली होती. मी ते सगळं टिपून ठेवलं.

राजारामच्या घरी माझे फार लाड झाले. पाहुणा आला की मला लावत. पाळणा संपला की पुन्हा मागे फिरवत. उखाण्यापर्यंत कोणी थांबत नसे, आणि दर्शनाला 'पुढे चालू द्या' म्हणायचा धीर होत नसे. पुढे सीडी आली, मोबाइल आला, मी माळ्यावर गेले. दमट हवेत माझ्या फितीला बुरशी धरली.

मग नंदाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. चारचौघांत तिने दर्शनाचं नाव घेतलं होतं ते एकदाच, आणि ते फक्त माझ्यापाशी होतं. दर्शनाला ते पुन्हा ऐकायचं होतं, नंदाला शेजारी बसवून.

प्रबुद्धने मला खाली काढलं. तो आता बाप्यामाणूस झाला होता. "आत्या, माझ्या नामकरणाची कॅसेट तुला कशाला गं?"

"ती तुझी नाही रे. माझी आहे."

त्यानेच दोघींना अंधेरीला श्रुतिकाकडे नेलं. बाईवर जीव लावणाऱ्या बाया, पुरुषावर जीव लावणारे पुरुष, अशा माणसांचा इतिहास कोणी जपला नाही, म्हणून श्रुतिका त्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवते. तिने माझी बुरशी हलक्या हाताने पुसली. बजावलं, की फीत नाजूक झालीय, एकदाच चालेल असं धरून चला.

मी चालू लागले. पाळण्याचा भाग पाहून पाहून झिजला होता, नुसते पट्टे दिसले. "माझी वाट लागली," प्रबुद्ध म्हणाला. पण पुढचा भाग कोणी पाहिलाच नव्हता, तो स्वच्छ उमटला. नंदा उभी राहिली, उखाणा झाला. खोलीत कोणी हसलं नाही. नंदाने बोटाने खूण केली, पुन्हा लाव.

"आता कॉम्प्युटरवर उतरलंय, हवं तितक्या वेळा, मावशी," श्रुतिका म्हणाली. मग तिने विचारलं, की संग्रहात नावं घालायची का झाकायची.

"घाल," दर्शना म्हणाली. "तिने घेतलं तेव्हा झाकलं नव्हतं."

मित्रांनो, घरात जुनी कॅसेट सापडली तर वरचं नाव वाचून फेकू नका. कोरड्या जागी ठेवा, आणि शेवटपर्यंत पाहा. ज्याचं बोलणं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, ते माणूस तिथे खरं बोलत असेल.

नंदा गायकवाड बारा नोव्हेंबर दोन हजार तेवीसला विक्रोळीच्या खोलीत वारली. दर्शना उशाशी होती.