शनिवारची संध्याकाळ

माझा धाकटा भाऊ असाहेल व्हिटलॉक वकील, आणि आमच्या गावाने त्याला विधानसभेवर पाठवलेला. तिथे दोन हिवाळे भांडून त्याने एक कायदा करून घेतला: एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून गुलाम बाईच्या पोटी जन्मलेलं मूल पंचविसाव्या वर्षी मोकळं होणार. त्याआधी जन्मलेलं मात्र जन्मभर मालकाचं.

"पंचवीस वर्षं कशाला रे?" मी विचारलं.

"याहून जास्त मागितलं असतं ना ताई, तर एवढंही मिळालं नसतं."

आमच्या चर्चचे कारभारी डीकन रिपली, त्यांच्या घरची गुलाम झिल्पा नेमकी त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अडली. सुईण अंथरुणाला खिळलेली, म्हणून मीच गेले. सूर्य टेकडीआड गेला तसं डीकननी दुकानाला कुलूप लावलं, घरातले चरखे थांबले. आमच्याकडे रविवार शनिवारच्या सूर्यास्तालाच लागतो. चांगला अंधार पडल्यावर पोरगी जन्मली.

"रविवारची आहे ना, बाई?" झिल्पाने विचारलं.

"रविवारची," मी छातीठोकपणे सांगितलं.

डीकन म्हणाले, शनिवारची. मध्यरात्रीपर्यंत शनिवारच. शनिवारी सूर्यास्तानंतर कुणी लाकूड फोडलं तरी चर्चपुढे खेचणारा हा माणूस. माझं तर डोकंच फिरलं. असाहेल झिल्पाच्या बाजूने कोर्टात उभा राहिला, मी शपथेवर वेळ सांगितली. वाटलं, जिंकलो.

मग डीकनच्या वकिलाने एक जुना निकाल वाचायला घेतला. शनिवारी अंधार पडल्यावर गाडी हाकली म्हणून एका गाडीवानाला दंड झाला होता आणि तेवीस वर्षांच्या असाहेलने त्याला सोडवलं होतं. चर्चचा दिवस काहीही असो, कायद्याचा दिवस मध्यरात्री बदलतो, असं त्याने तेव्हा पटवून दिलं होतं. त्या खटल्यानेच त्याचं नाव झालं, आणि त्या नावावरच तो निवडून आला.

"हे म्हणणं तुमचंच ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझंच."

"हा नवा कायदा लिहिताना रविवार सूर्यास्तापासून धरला होता?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हण.

"तसा विचारच केला नव्हता," असाहेल म्हणाला.

पोरगी जन्मभर डीकनच्या मालकीची ठरली.

घरी येताना मी त्याला वाट्टेल ते बोलले. "एकदा खोटं बोलला असतास तर जीभ झडली असती का?"

"नसती झडली," तो म्हणाला. "ते आता कळतंय, ताई."

पुढच्या शनिवारी तिन्हीसांजेला मी झिल्पाला बघायला गेले. ती भांडी घासत होती. डीकन दारात आले. "ठेव ते खाली. रविवार लागला."

तिने अर्धवट घासलेली कढई खाली ठेवली, हात पुसले आणि पोरीला मांडीवर घेतलं. डीकन आत गेले.

"बघा बाई," मग ती हलकेच म्हणाली, "या घरात कढईलासुद्धा रविवार लागतो."