टोकाची गाठ

आता तुम्हीच सांगा, जिथं बोअरला पाणी लागलं तर लोक पेढे वाटतात, त्या भूममधे शिडाची होडी दुरुस्त करायला माझ्याकडं कशाला यावं? मी तौफिक. बोअरमधल्या मोटारी काढायचं न् सोडायचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. होडी म्या फक्त कॅलेंडरवर बघितलेली. पोहायला तर अजून येत न्हाय.

पण रणधीर सर आले. नेव्हीतनं रिटायर होऊन गावाकडं आलेला माणूस, तलावावर पोरापोरींना होडी शिकवतो. हैदराबादहून आणलेली जुनी होडी टेम्पोवाल्यानं नीट बांधली न्हवती, डोलकाठी वाकली. दोऱ्या सगळ्या उपसून एका पोत्यात कोंबलेल्या. "तौफिकभाई, पाइपाचं काम तुमच्याइतकं कुणाला जमतंय?" म्हणाले. मी नकोच म्हणणार होतो, पण माझी पोरगी युसरा त्यांच्याकडंच शिकती. रविवारी तिची परीक्षा. पास झाली तर गोव्याच्या कॅम्पला जाणार, न्हायतर एक वर्ष थांबा. होडी एकच, आन् ती आडवी पडलेली. झालं, अडकलो की!

डोलकाठीचं काम सोपं निघालं. वाकलेला तुकडा कापला, आतनं दुसरा पाइप घालून जोड दिला, रिव्हेट मारले, वर नवी कप्पी बसवली. शेवटी पाइपच तो.

डोकं उठवलं ते दोऱ्यांनी. युसरानं पोतं अंगणात ओतलं न् एकेक दोरी उचलून सांगायला लागली. "अब्बा, ही शीड वर चढवायची. ही खालची आडवी दांडी दाबून धरायची. ही शिडाचा कोपरा ताणायची. आणि ही सगळ्यात लांब, हिनं शीड आत ओढायचं आणि बाहेर सोडायचं."

"ही बांधायची कुठं?"

"कुठंच नाही. हातात धरायची."

"आन् हातातनं सुटली तर?"

"सुटू द्यायची! जोराचा वारा आला की आपणच सोडायची."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. सोडायची? मग धरायची कशाला? म्या तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं, चौथ्यांदा म्हणाली, "अब्बा, डोकं नका खाऊ." रात्री जेवतानाही माझं तेच. बायको तबस्सुम म्हणाली, "पोरीला कळतंय ना? मग बास की."

तिला काय सांगू? माझ्या धंद्यात दोर सुटला की खेळ खलास. गोरोबा म्हणून एका शेतकऱ्याच्या रानात एकदा माझ्या हातातनं दोर सुटला. एका सपाट्यात मोटार पाचशे फूट खाली. मोटार गेली, बोअर गेला. तो माणूस नुसता भोकाकडं बघत बसला, आन् मला आजपर्यंत त्याच्या बांधावरनं जायला लाज वाटती. तेव्हापासून मी गाठीवर गाठ मारतो आन् वरनं काडी लावून वितळवतो. साइटवर कुणाचा दोर जरा जरी सरकला तर माझं वरडणं शेजारच्या रानात ऐकू जातं. तीन तालुक्यांत इज्जत हाय माझ्या गाठीला.

रविवारी सकाळी तलावावर होडी तयार झाली. शीड आत ओढून ठेवलेलं, ती लांब दोरी खालच्या आडव्या दांडीच्या कप्पीतनं येऊन खाली वेटोळी पडलेली. तिच्या अगदी टोकाला एक गाठ. म्या मोजलं, आठ हात दोरी मोकळी! पोरीचा हात सुटला तर शीड आठ हात बाहेर जाऊन थांबणार. ही काय रीत झाली? युसरा जॅकेट घालायला गेली न् मला राहवलं न्हाय. कप्पीपासनं हातभर अंतरावर डबल गाठ मारली, लायटर लावला, वरनं काळी टेप. आता कितीबी सुटू दे, हातभरच सुटंल. लई बरं वाटलं मला.

युसरा घाईघाईत आली, बसली, निघाली. पहिली फेरी झकास. मग डोंगराकडनं वाऱ्याचा झपाटा आला. शीड फुगलं, होडी कलली. युसरानं हात उघडला, म्या डोळ्यांनी बघितलं. दोरी सर्रकन हातभर गेली आन् कप्पीत गच्च बसली. होडी आडवी. शीड पाण्यावर. युसरा कुठंच न्हाय.

या अल्लाह! मी पाण्यात धावलो. छातीपर्यंत गेलो असंन, मागनं सरांनी कॉलर धरली. "जॅकेट आहे तिच्या अंगात! तुम्ही बुडाल तर आधी तुम्हाला काढावं लागेल!" मला काहीच कळंना. मग शिडापलीकडनं डोकं वर आलं, खोकत. होडीच्या पोटाखालच्या फळीवर चढून तिनं होडी उभी केली, शीड खाली ओढलं न् हातानं पाणी मारत काठाला आली.

सरांनी दोरी उचलली. "ही गाठ कुणाची?"

युसरानं गाठ बघितली. वितळवलेली, वर टेप. ती गाठ ती लहानपणापासनं बघत आलीय. माझ्याकडं तिनं मानसुद्धा वळवली न्हाय.

"माझी, सर."

मी पुढं झालो. "खोटं बोलती! गाठ माझी हाय सर, म्या मारली. तिला नापास करू नका."

"कुणाची का असेना," सर म्हणाले, "निघण्याआधी दोरी पूर्ण सोडून बघायची असते. बघितलीस?"

"नाही सर. म्हणून म्हणाले, माझी."

सरांनी घड्याळ बघितलं. "गाठ काढ. एकच फेरी मिळेल."

गाठ निघंना. माझीच गाठ, मलाच निघंना! शेवटी माझ्या टेम्पोतनं बोअरचा नवा दोर आणला, तिनं तो कप्पीतनं ओवला. मग टोक माझ्या हातात दिलं. "अब्बा, टोकाची गाठ तुम्हीच मारा. अगदी टोकाला."

"पोरी, माझ्याच्यानं..."

"मारा. सुटत नाही तुमची."

आठ हात मोकळे सोडून गाठ मारली. लायटर खिशातच ठेवला.

ती निघाली. पुन्हा तोच वारा, तसंच शीड फुगलं, होडी कलली. युसरानं हात उघडला. दोर सुटला, सुटत गेला, शीड फडफडत बाहेर गेलं आन् होडी आपोआप सरळ झाली. हे कसं झालं ते मला अजून धड कळलेलं न्हाय. वरडायला तोंड उघडलं होतं म्या, सव्वीस वर्षांची सवय. आवाज काढला न्हाय.