वालाच्या मांडवातला चोर

माझे सासरे, आबा, मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात टर्नर होते. लेथवर लोखंड गोल करण्यात त्यांचा जन्म गेला. ते रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकला इंदिरानगरात घर बांधलं, तेव्हा पुढचं अंगण त्यांनी गुलाबांसाठी घेतलं. कुंड्या सुतात मांडलेल्या, माती झाडलेली, एक वाळकं पान पडलं तरी आबा खाली वाकायचे. दरवर्षीच्या पुष्पप्रदर्शनात त्यांच्या गुलाबाचा कप ठरलेला असायचा आणि तो पुसायचं काम माझं.

मागची पट्टी मात्र माझी. मी नामपूरची, कांद्याच्या शेतात वाढलेली. बियाण्याच्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलले की माझे वडील फवारणीचा पंप घराबाहेर काढू द्यायचे नाहीत. फुलावर माशा बसल्या नाहीत तर बी धरत नाही, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीच ठाऊक. म्हणून माझ्या पट्टीत कोथिंबीर मुद्दाम फुलावर गेलेली, तुळशीच्या मंजिऱ्या न खुडलेल्या, कोपऱ्यात रुई आणि बांबूच्या मांडवावर वाल. फुलपाखरं, सरडे, शिंजीर, ज्याला यायचं त्याने यावं. आबा त्याला रान म्हणायचे. मी त्यांच्या अंगणाला वर्कशॉप म्हणायचे, मनातल्या मनात.

अठ्ठ्याण्णव साली आमचं चांगलंच वाजलं. आबांच्या फवारणीचा वारा मागे यायचा आणि माझ्या वालाची फुलं नुसती गळायची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी नाकारत नाही. मी एवढा तमाशा केला की आबांनी पंप माळ्यावर टाकला. पण गप्प बसतील तर ते आबा कसले. दुसऱ्याच आठवड्यात शहाबादी फरशांचा टेम्पो दारात उभा राहिला. मागची पट्टी फरशीखाली जाणार, तिथे गुलाबाच्या आणखी कुंड्या येणार, असं त्यांनी जाहीर केलं. माझे यजमान रवी ऑफिसला उशीर होतोय म्हणून सटकले. गवंडी मिळेपर्यंत फरशा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि रोज भांडी घासताना माझ्याकडे बघत राहिल्या.

दिवाळीनंतर गुलाबांच्या पानांना भोकं पडायला लागली. अळीने कुरतडल्यासारखी नाहीत. पानाच्या कडेला स्वच्छ गोल, जणू कोणी कंपासने आखून कापलीत. आबांनी भिंग लावून कडा तपासल्या आणि ते विचारात पडले. एका रविवारी शेजारच्या लताबाई आणि कॉलनीतली चार माणसं गुलाब बघायला आली असताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हे किड्याचं काम नाही. हे हत्याराचं काम आहे. भाग्यश्री, तुझी शिवणाची छोटी कात्री कुठंय?"

मला आधी कळलंच नाही. मग लताबाईंनी नजर खाली घातली तेव्हा कळलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो मी तिथेच कठड्यावर ठेवला. संताप आला की माझी भाषा नामपूरला परत जाते.

"मी चोर नई शे," मी म्हणाले. मग सगळ्यांना समजेल असं म्हणाले, "आबा, तुम्ही इथे बसा आणि चोर पकडा. मी निघाले तर उद्याच फरशी टाका, मी चकार शब्द काढणार नाही. पण दुसरं कोणी निघालं, तर चारचौघांत बोललात ते चारचौघांतच मागे घ्यायचं."

आबा कबूल झाले. त्यांना खात्रीच होती. खरं सांगते, चोर कोण ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. वालाला नुकत्या शेंगा धरायला लागल्या होत्या.

आबा खुर्ची टाकून बसले. पेपर डोळ्यांसमोर, लक्ष गुलाबाकडे. मी आतून बाहेर आले की ते पेपर खाली घ्यायचे. मीही मग उगाचच दहा वेळा बाहेर यायचे. असे काही दिवस गेले.

एकदा ऊन चांगलं वर आल्यावर त्यांनी मला हाक मारली, पण हळू आवाजात. मी गेले. पानावर एक काळपट माशी बसली होती, आपल्या मधमाशीएवढी, पोटाखाली पिवळी लव असलेली. ती पानाच्या कडेवर स्वार झाली आणि स्वतःभोवती वळत कापत गेली. मी पदर सावरेपर्यंत गोल तुकडा सुटला. तो पोटाशी गुंडाळून धरून ती उडाली. आबा तिच्या मागे, मी आबांच्या मागे. माशी घराला वळसा घालून मागे आली आणि थेट माझ्या मांडवाच्या बांबूच्या तोंडातून आत गेली.

म्हणजे चोर माझ्याच घरी राहत होता. आबांच्या मनात आलं असतं तर त्यांनी पंप खाली काढला असता. मी मांडवासमोर उभी राहिले, हलणार नव्हतेच.

पण आबांनी पंप मागितला नाही. त्यांनी मांडवाखाली पडलेला बांबूचा एक वाळका तुकडा मागितला. त्याचं तोंड हिरव्या पानांनी बंद झालेलं होतं. त्यांनी तो अलगद उभा चिरला. आत विड्या वळून ठेवाव्यात तशा पानांच्या गुंडाळ्या एकामागे एक, आणि प्रत्येकीच्या तोंडावर गोल चकत्या बसवलेल्या, जणू एकेका पिल्लाची बंद खोली. आबांनी हत्यारांच्या पेटीतून बारीक मोजमापाचा व्हर्नियर आणला. एक सुटी चकती मोजली, बांबूचं भोक मोजलं, पुन्हा चकती मोजली.

"चकती भोकापेक्षा जराशी मोठी ठेवलीय," ते म्हणाले. "दाबून बसावी म्हणून. प्रेस फिट."

मग त्यांनी बांबूची दोन्ही फाकं जुळवून दोऱ्याने बांधली आणि होती तिथे ठेवली.

त्यानंतर आबा कामाला लागले. बाभळीचा जुना ठोकळा आणून त्याला वेगवेगळ्या मापांची भोकं पाडली, आतून पॉलिश कागद फिरवला आणि तो माझ्या मांडवाला टांगला. कोणत्या मापाच्या भोकात माशी जाते हे बघण्यात त्यांची सकाळ जायची. हळूहळू काही भोकांची तोंडंही पानांच्या चकत्यांनी बंद झाली. वाल असा लागला की कॉलनीत शेंगा वाटता वाटता मी थकले. पण ते चारचौघांतलं बोलणं तसंच राहिलं होतं. मी आठवण करून दिली नाही. मी वाट बघत होते.

फेब्रुवारीत प्रदर्शन आलं. आबांनी गुलाब नेला तो पानांना भोकं असलेला, आणि सोबत तो ठोकळा. परीक्षकांनी पानांकडे बघून गुण कापले. कप दुसऱ्याला गेला. आबांनी मान डोलावली आणि ठोकळा खिडकीतल्या उन्हात सरकवला.

दुपारी एका भोकाचं पानांचं झाकण हललं. कोणीतरी आतून ते कुरतडत होतं. आधी मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग अंगभर लव असलेली नवी कोरी माशी. ती टेबलावर जरा बसली, पंख झटकले आणि खिडकीतून गेली. तेवढ्यात दुसरं झाकण हललं. बघता बघता हॉलमधली सगळी माणसं कपाचा गुलाब सोडून आमच्या टेबलाभोवती जमली. परीक्षकही त्यांत होते, लताबाईही होत्या. हे काय आहे ते सांगा, म्हणून आयोजकांनी आबांच्या हातात माईक दिला.

आबांना माईकची सवय नव्हती. ते कुलरजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत बोलले.

"मी जन्मभर लेथवर गोल काढले. ह्या माशीला ना लेथ, ना कंपास. आणि मी मूर्ख, तिचं काम बघून घरच्या सुनेला चोर म्हणालो, चार लोकांत. ते मी आज मागं घेतो. चूक माझी होती. ह्या माश्या तिच्या बागेत राहतात, तिच्यामुळं राहतात. तिथं आता फरशी नाही पडायची."

मी काय काय ऐकवायचं ते तीन महिने पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. डोळे भरून आले आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की हसू आवरेना. मी पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढत टेबलापाशी जाऊन उभी राहिले. एका बाईंनी विचारलं, ही बाग कोणाची म्हणालात?

"माझी," मी म्हणाले.